पोळी वातड झाली की गव्हाचं नाव शेवटी घ्या

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. राहायला ठाण्यात, घरात चार माणसं. सासूबाई दर एप्रिलला गावाहून ५० किलो लोकवन गहू पाठवतात, त्याला श्रावण येईपर्यंत सोंडे, म्हणजे दाणा पोखरणारे किडे, लागतात. दळण एका वेळी १० किलोचं आणि त्यातलं शेवटचं पीठ कडवट लागतं. सकाळी सातला केलेली पोळी डब्यात एक वाजेपर्यंत चामड्यासारखी होते. शेजारीण म्हणते सिहोर घ्या, यजमानांचे मित्र म्हणतात खपली घ्या. तुम्ही विचारताय, गहू बदलू की सरळ पाकिटावर जाऊ? आणि जाता जाता, गव्हाच्या पिठाचा केक दगडासारखा का होतो आणि लाडू टाळूला का चिकटतो, हेही.

माझं माहेर निफाडकडचं, सासरची गिरणी नाशकात. २६ वर्षं झाली. पहिली सात-आठ वर्षं गिरणीतच दळणाचे डबे सांभाळले, मग शेजारच्या गाळ्यात पोळी-भाजी केंद्र काढलं. रोज साडेतीनशे-चारशे पोळ्या निघतात. तेवढ्या जोरावर सांगते, गहू बदलायची घाई करू नका. तुमच्या तिन्ही तक्रारींत गव्हाचा हात सगळ्यात कमी आहे.

कडवटपणापासून सुरुवात करू, कारण बाकीचं बरंच त्यातून उलगडतं. गव्हाच्या दाण्यात वरचा कोंडा असतो साधारण १४-१५ टक्के, आतला पांढरा गर ८२-८३ टक्के आणि टोकाला अंकुर, जेमतेम २-३ टक्के. दाण्यातल्या तेलाचा मोठा वाटा त्या अंकुरात आणि त्याला लागून असलेल्या थरात. दाणा अख्खा असतो तोवर ते तेल आत बंद. दगडाखाली गेला की तेल सगळ्या पिठाला लागतं, त्याला हवा लागते, वर कोंड्यातले पाचक रस ते तेल फोडायला लागतात. तेव्हापासून पीठ म्हातारं व्हायला लागतं. मैदा सहा-सहा महिने टिकतो कारण त्यातला अंकुर आणि कोंडा आधीच काढलेला असतो, त्यात खवट व्हायला फारसं काही उरत नाही. आपल्या कणकेत सगळंच आहे, म्हणून चव आहे आणि म्हणूनच आयुष्य कमी आहे.

गहू वर्षाचा भरा, पीठ मात्र पंधरा दिवसांचं. आमच्या गिरणीत मी हे इतक्या जणींना सांगितलंय की आता त्याच मला ऐकवतात. चार माणसांच्या घरात दिवसाला १३-१४ पोळ्या धरल्या तर ३५०-४०० ग्रॅम पीठ लागतं. म्हणजे तुमचं १० किलो पीठ जवळजवळ महिना चालतं. ठाण्याच्या पावसाळ्यात महिना फार झाला. चार किलो दळून आणा. गिरणीवाला थोडा कुरकुरेल, कुरकुरू दे.

दुसरी चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते, माझ्याही हातून झाली. केंद्राचा दुसरा पावसाळा होता. गिरणी आमची, पीठ हाताशी, तरी मी एकदम ३० किलो दळून घेतलं आणि घाईत गरमागरम पीठ प्लॅस्टिकच्या पिंपात भरून वर घट्ट झाकण लावलं. दगडाखालून निघालेलं पीठ हाताला चांगलंच गरम लागतं. झाकणाच्या आतून त्याचीच वाफ दवासारखी धरली आणि वरच्या थरात ठिबकली. आठव्या दिवशी एका कॉलेजच्या मुलाने डबा परत आणून दिला. म्हणाला, काकू, भाजी छान आहे, पोळीला मात्र औषधाची चव आहे. मी पिठाची चिमूट जिभेवर ठेवली आणि घशापर्यंत कडू गेली. त्या दिवशीचे ४० डबे मी पैसे परत करून मिटवले. तेव्हापासून दळण घरी आलं की डब्याचं झाकण उघडं, वर पातळ कापड, मध्ये एकदा उलथन्याने वर-खाली, पूर्ण गार झालं की मगच झाकण. ताजं पीठ किंचित गोडसर लागतं, घशाशी खवखव होत नाही. दर आठवड्याला ही चिमूट जिभेवर ठेवून बघायची सवय लावा, खर्च काहीच नाही.

कडू लागण्याचं आणखी एक कारण असतं आणि त्यात तुमच्या डब्याचा दोष नसतो. तुमच्या आधी गिरणीत बाजरी दळली असेल तर पहिलं मूठ-दोन मूठ पीठ बाजरीचं येतं, आणि बाजरीचं पीठ गव्हापेक्षा कितीतरी लवकर कडू होतं. जुन्या बायका डबा ठेवताना म्हणायच्याच, "गव्हावर गहू टाका हो." तो हट्ट नाही, शहाणपण आहे. हरभऱ्याच्या डाळीवर तर मुळीच टाकू देऊ नका, पोळी चिरते. दुसरं, दगडांना नुकती टाकी लावली असेल, म्हणजे छिन्नीने टोचून धार काढली असेल, तर त्या दिवशी दळण ठेवू नका. चांगला गिरणीवाला टाकी लावल्यावर आधी स्वतःचं कोंडा-कणी दळून दगड साफ करतो. घाईतला नाही करत, मग पोळीत कचकच येते आणि गव्हात माती होती असं म्हणून गव्हावर खापर फुटतं.

पिठात मेथी, सोयाबीन, चणे घालून दळायची पद्धत आहे. पाच किलोला पाव किलोच्या वर जाऊ नका आणि सोयाबीन भाजूनच घाला. सोयाबीनमध्ये तेल भरपूर, त्यामुळे असं मिसळलेलं पीठ आणखी कमी टिकतं. पोळीही तितकी लांबत नाही. डब्याची पोळी मऊ हवी असेल तर निव्वळ गहू दळा आणि सोयाबीनची भाजी करा, असं माझं मत.

उरलेलं पीठ फ्रीजमध्ये ठेवलं तर दोन-तीन महिने सहज टिकतं. हवाबंद पिशवीत ठेवायचं, नाहीतर ते शेजारच्या लसणाचा वास घेतं. आणि बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही. गार पिठाला दमट हवा लागली की त्यावर पाणी धरतं.

आता सोंडे. यात तुमच्या सासूबाईंचा दोष नाही, ठाण्याच्या हवेचा आहे, आणि थोडा तुमच्याही. सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडते, आत अंडं घालते आणि भोक बुजवते. वरून दाणा ठणठणीत दिसतो. उकाड्याच्या दिवसांत महिनाभरात आतून किडा बाहेर येतो, तोवर दाण्याचं टरफल राहिलेलं असतं. म्हणून "आणला तेव्हा एकही किडा नव्हता" ही तक्रार खरी असते आणि तिला अर्थ नसतो. शंका आली तर मूठभर गहू पाण्यात टाका. पोखरलेले दाणे तरंगतात.

किड्याला ओल लागते आणि हवा लागते. दोन्ही तोडा. गहू आला की पातळ पसरून दोन-तीन दिवस कडक उन्हात घाला. तुमच्याकडे गच्ची नसेल तर गॅलरीत ऊन येतं त्या बाजूला चादरीवर थोडा थोडा करून. वाळला की नाही हे दाताला विचारा. दाणा दाढेखाली धरून चावला की 'कट्' आवाज करून फुटला पाहिजे. चपटा झाला, चिकटला, तर ओल आहे. वाळलेला गहू संध्याकाळी गरम असताना कोठीत भरू नका, रात्रभर सावलीत गार होऊ द्या, सकाळी भरा. पिठाचीच गोष्ट इथे पुन्हा, गरम माल बंद केला की आत पाणी सुटतं.

मग भरायचं कसं? ५० किलोची एक मोठी कोठी करू नका. आठवड्यातून दोनदा ती उघडली की प्रत्येक वेळी दमट हवा आत जाते. त्यापेक्षा १२-१३ किलोचे चार डबे, आत जाड प्लॅस्टिकची पिशवी, गळ्यापर्यंत गच्च भरून, पिशवीचं तोंड पीळ देऊन बांधलेलं. आत चुकून अंडी गेली असली तरी भरलेल्या बंद पिशवीत किड्यांना श्वासाला पुरत नाही, ते वाढत नाहीत. एक डबा संपेपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही. आमच्या सासूबाई याच्या जोडीला गव्हाला एरंडेल चोळायच्या, १० किलोला साधारण ५० मिली, दोन्ही हातांनी तळापासून वर आणत, प्रत्येक दाणा चकचकीत होईस्तोवर. त्याचा उपयोग होतो. दळणाआधी गहू धुऊन वाळवत असाल तर एरंडेलाचा वासही राहत नाही. कडुनिंबाचा पाला घालणार असाल तर सावलीत खडखडीत वाळलेला घाला. ओला पाला घातलात तर त्याच्याचमुळे बुरशी येईल.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. बाजारात 'गव्हात ठेवायच्या गोळ्या' म्हणून ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या मिळतात. त्या गोदामांसाठी असतात, शिकलेल्या माणसाने, सील केलेल्या जागेत वापरायच्या. हवेतल्या ओलीने त्यांच्यातून विषारी वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही. बंद घरात धान्याला अशा गोळ्या लावून माणसं दगावल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. कोणी कितीही भरवशाने दिल्या तरी घरात आणू नका. किडलेले दहा किलो गहू कबुतरांना गेले तर जाऊ द्यात.

किडे पिठात झाले तर? एखाद-दुसरा दिसला, पिठाला वास नाही, तर चाळून, फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवून वापरता येतं. पाच किलोची गच्च पिशवी असेल तर आठवडा ठेवा, मध्यापर्यंत गारवा पोचायला वेळ लागतो. पण पिठाला जाळी धरली असेल, किंवा तांबडे बारीक भुंगे होऊन पीठ करडं-गुलाबी दिसत असेल आणि उग्र वास येत असेल, तर चाळून उपयोग नाही. तो वास त्या भुंग्यांनी सोडलेल्या द्रव्यांचा असतो आणि पोळीत उतरतो. फेकून द्या.

आता तुमची खरी तक्रार, डब्यातली पोळी. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

माझ्याकडे नव्या बाई कामाला येतात तेव्हा पहिल्या दिवशी मी त्यांना कणीक मळू देत नाही, वजनकाटा देते. त्यांना राग येतो. वीस-वीस वर्षं पोळ्या केलेल्या बायका त्या. पण घट्ट मळायची सवय हाताला असते आणि तिथेच पोळी हरते. घट्ट कणीक लाटायला सोपी, पोळपाटाला चिकटत नाही, गोल येते, म्हणून आपण नकळत पाणी कमी घालतो. तुमच्या घरच्या मापाने सांगते. ४०० ग्रॅम पीठ, चिमूटभर मीठ, एक चमचा तेल आणि पाणी २६० ते २८० मिली. पाणी कोमट. पहिल्यांदा सगळं पाणी ओतू नका, दोन-तीन चमचे मागे ठेवा. पीठ नुसतं एकत्र आलं, परातीत सुकं उरलं नाही, की थांबा. चांगली मळायच्या आत झाकून दहा मिनिटं सोडून द्या. या दहा मिनिटांत कोंडा पाणी पितो. मग मागे ठेवलेलं पाणी हाताला लावून तिंबा, पाच-सहा मिनिटं, मनगटाच्या जोराने. सुरुवातीला कणीक बोटांना चिकटेल, तुम्हाला वाटेल सैल झाली, पीठ घालावंसं वाटेल. घालू नका. तेलाचा हात लावून पुन्हा २० मिनिटं झाका. उघडल्यावर बोट दाबा, खळगा हळूहळू अर्धा भरून आला पाहिजे. कानाची पाळी हाताला लागते तितकी मऊ.

४०० ग्रॅममध्ये घडीच्या १४-१५ पोळ्या होतात, ४५ ग्रॅमचा उंडा धरला तर. छोटी पुरी लाटायची, तेलाचं बोट फिरवायचं, किंचित पिठी भुरभुरायची, अर्धी घडी, पुन्हा तेल, पुन्हा घडी, आणि मग कडेने लाटत जायचं, मध्ये जोर द्यायचा नाही. तेल आणि पिठी, दोन्ही लागतात. नुसतं तेल लावलं तर लाटताना पदर एकमेकांत मिसळून जातात, मधली पिठी त्यांना वेगळं ठेवते. वरून लावायची पिठी मात्र कमीत कमी. कोरडी पिठी तव्यावर जळते आणि पोळीतलं पाणी ओढते.

आणि तवा. निम्म्या घरांतली पोळी तव्यावर वातड होते. जळेल या भीतीने आच मंद ठेवतात, मग पोळी तीन मिनिटं तव्यावर पडून राहते, भाजत नाही, वाळते. तवा पुरता तापलेला हवा. पाण्याचा थेंब टाकला तर नाचत उडाला पाहिजे. पहिली बाजू रंग बदलेपर्यंत, दुसरी बाजू डाग पडेपर्यंत, पुन्हा पहिली, फडक्याने हलकं दाबून. सव्वा-दीड मिनिटात पोळी खाली आली पाहिजे. खाली आली की तेल किंवा तूप आणि सुती कापडात. पाच मिनिटं वाफ जाऊ द्या, मग पोळ्या एकावर एक. गरम पोळी थेट डब्यात कोंडली तर वरची ओली आणि कडेची कडक. आणि केलेल्या पोळ्या फ्रीजमध्ये कधी ठेवू नका. फ्रीजच्या गारव्यात त्यातलं पिष्ट, म्हणजे स्टार्च, बाहेरच्यापेक्षा लवकर घट्ट होतं. मळलेली कणीक फ्रीजमध्ये चालते, पण दुसऱ्या दिवशी काळपट दिसेल. ते कोंड्यातल्या एका पाचक रसाचं काम आहे, नासकेपणा नाही. सफरचंद कापून ठेवलं की काळं पडतं, तसंच.

एवढं सगळं करून पाहा, याच गव्हावर, ताज्या पिठावर. तरीही दुपारी पोळी चामडं होत असेल तर मग गव्हाकडे वळा. त्याआधी घरच्या घरी एक परीक्षा करून घ्या. ५० ग्रॅम पिठाचा घट्ट गोळा करा, अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा आणि मग त्याच पाण्यात हलक्या हाताने दाबत धुवा. पाणी दुधासारखं होईल, ते टाका, नवं घ्या. पाचेक पाण्यांनंतर हातात एक करडा-पिवळसर रबरासारखा गोळा उरेल. चांगल्या गव्हाचा तो ताणला की लांबतो आणि सोडला की परत येतो. तुटक तुटक झाला, चाळणीतून वाहून गेला, तर त्या पिठाची पोळी लांबणार नाही. कुरडया केलेल्यांना हे नवं नाही. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक काढून जो चोथा आपण फेकतो, त्यात हाच चिवट भाग असतो. कुरडईला तो नको, पोळीला हवा.

गहू निवडायचं म्हणाल तर पोत्यात हात कोपरापर्यंत घाला, वरवरचा बघू नका. आतला दाणा काढून तळहातावर घासा. धूळ किती निघते, तुकडा किती, आणि चकाकी तेलाची आहे का ते कळतं. मी एकदा फसले आहे. एका व्यापाऱ्याकडून भारी भावाचा सिहोर म्हणून दोन पोती घेतली, सोन्यासारखा दाणा. घरी धुतला तर पाण्यावर तवंग आला आणि खाली साधा गहू उरला. दाणा एकसारखा, भरलेला, जड हवा. दातात फुटल्यावर आत काचेसारखा दिसला तर उत्तम, पांढरा खडूसारखा दिसला तर कस कमी. टोकाला काळे पडलेले आणि चुरल्यावर मासळीचा वास येणारे दाणे दिसले तर तो माल सोडून द्या.

फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी पाऊस, गारपीट झाली असेल तर त्या वर्षी जास्त सावध राहा. कापणीला आलेला गहू भिजला की दाण्याची चकाकी जाते, तो फिकट, सुरकुतलेला दिसतो, आणि आत मोड यायची तयारी सुरू झालेली असते. त्यातलं पिष्ट आधीच फुटायला लागलेलं असतं. अशा गव्हाची कणीक मळता मळता सैल, चिकट होत जाते आणि पाणी कितीही कमी केलं तरी लाटताना पोळपाट सोडत नाही. आमच्या निफाड भागात हे दर काही वर्षांनी होतं. शेतकऱ्याचं नुकसान झालेलं असतं, तो स्वस्तात देतो, वाईट वाटतं. तो गहू लापशीला घ्या, पोळीला नको.

अगदी नवा गहूही पहिला महिना-दोन महिने चिकटच वागतो. आमच्याकडे त्यात निम्मा जुना मिसळतात. सासूबाईंचा एप्रिलचा गहू जूनमध्ये फोडलात तर फरक दिसेल.

आता नावं. लोकवन हे नाव ऐकून लोकांना वाटतं त्याचा वनाशी काही संबंध असेल. तो मुळात 'लोक-१', गुजरातेत भावनगर जिल्ह्यात सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झालेलं वाण. एकचं इंग्रजी 'वन' बाजारात त्याला चिकटलं. रोजच्या पोळीला मला तोच आवडतो, भरवशाचा आहे. फक्त लोकवन म्हणून विकला जाणारा सगळाच गहू लोक-१ असतो असं समजू नका, दाणा बघून घ्या. सिहोर शरबती मध्य प्रदेशातला, काळ्या जमिनीत बहुतेक पावसाच्या ओलीवर वाढलेला. त्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पोळी गोडसर, पांढरी, छान होते. पण दुप्पट भाव देऊन घट्ट मळणार असाल तर पैसे वाया. निफाडच्या संशोधन केंद्राची त्र्यंबक, तपोवन ही वाणं आमच्या भागात मिळतात आणि त्यांची पोळी कशातच कमी नसते, फक्त त्यांना सिहोरसारखं नाव नाही. बन्सी मात्र पोळीला घेऊ नका. तो पिवळसर, कडक जातीचा, रवा, शेवया, लाडवाचा राजा.

खपलीबद्दल बरंच बोललं जातं. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि पलीकडे बेळगावाकडे हा गहू पूर्वीपासून आहे. मळणीनंतरही टरफल सुटत नाही, ते वेगळं कांडून काढावं लागतं, म्हणून महाग. त्याची खीर खाल्ली नसेल तर आयुष्यात एकदा खा, गुळाची, सुंठ-जायफळ घातलेली. पण त्याची कणीक ताणली जात नाही, मध्येच फाटते. पोळी मऊ होते, पातळ होत नाही. जमवायची तर अर्धा लोकवन मिसळा आणि फार तिंबू नका. आणि एक, खपलीत ग्लुटेन, म्हणजे पीठ धुतल्यावर हातात उरतो तो चिवट भाग, नसतं असं कोणी सांगितलं तर ते खोटं आहे. त्याची ताकद कमी असते, पण ते असतं. घरात ज्यांना गव्हाचं पथ्य आहे त्यांना खपलीही चालत नाही.

गिरणी की पाकीट? चांगली गिरणी दहा मिनिटांवर असेल तर गिरणी. नोकरीमुळे जमत नसेल तर पाकीट घ्यायला लाजू नका. दोन किलोचं घ्या, पाचाचं नको. मागच्या बाजूला पॅकिंगची तारीख वाचा आणि दुकानदाराला मागच्या फळीतलं काढायला सांगा. घटकांत फक्त गहू लिहिलेलं असावं. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे आट्यात ओल १४ टक्क्यांच्या वर चालत नाही. कारखान्यांत ती बरीच खाली ठेवतात, म्हणून पाकीट तीन महिने टिकतं आणि म्हणूनच ते पीठ पाणीही जास्त पितं. गिरणीच्या मापाने मळलं तर घट्टच होणार. परदेशात असणाऱ्यांनी तिथल्या दुकानातलं ब्रेडचं गव्हाचं पीठ आणि आपला आटा यांत गल्लत करू नये. त्यात कोंडा जाड राहतो. आपल्या चक्कीत दाणा दगडांत दाबून रगडला जातो, त्यातलं पिष्ट थोडं दुखावतं, आणि तेच दुखावलेलं पिष्ट जास्त पाणी धरून पोळी मऊ ठेवतं.

घरघंटीबद्दल, म्हणजे घरात ठेवायच्या विजेच्या छोट्या गिरणीबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी विचारेलच. तिच्यात दाणा रगडला जात नाही, पात्यांनी फुटून जाळीतून बाहेर येतो. पीठ किंचित रवाळ राहतं, पाणी सावकाश पितं. बारीक जाळी लावा आणि मळल्यावर अर्ध्या तासाऐवजी पाऊण तास मुरू द्या. चार किलोच काय, एक किलोही दळता येतं, हा तिचा मोठा गुण.

कोंडा चाळून टाकायचा का? रोजच्या पोळीला नाही. पुरणपोळीला मात्र मी मैद्याच्या चाळणीने सपीट, म्हणजे कोंडा काढलेलं बारीक पीठ, काढतेच, तिथे तत्त्वज्ञान नको. कोंड्याचा बारीक कण पातळ पारीला भोक पाडतो आणि पुरण बाहेर येतं. कणीक सैल भिजवून, तेलात बुडवून दोन तास ठेवली की मैद्याची गरज पडत नाही.

केक दगडासारखा होतो कारण मैद्याच्या मापाने दूध घातलं जातं. प्रत्येक १०० ग्रॅम कणकेमागे दोन मोठे चमचे दूध वाढवा. फेटून झालं की बेकिंग पावडर न घालता २० मिनिटं ठेवा, कोंडा भिजू दे. मग पावडर घालून, दोनदा हलवून लगेच ओव्हनला. आणि लाडू टाळूला चिकटतो तो बारीक पिठामुळे. पोळीच्या पिठाचा लाडू करायचाच नाही. पुढच्या दळणात एक किलो बन्सी वेगळा द्या आणि "लाडवाचं आहे, रवाळ काढा" असं सांगा. तुपात मंद आचेवर अर्धा तास तरी हलवत राहायचं. आधी पीठ तूप पिऊन कोरडं दिसेल, तेव्हा वरून आणखी तूप घालायचा मोह होईल. थांबा. रंग बदामी व्हायला लागला की प्यायलेलं तूप पीठ स्वतःच सोडतं. गॅस बंद केल्यावर दुधाचा एक हबका मारा, पीठ फसफसून फुलतं. कोमट झालं की पिठीसाखर, आणि मग वळायला घ्या.